अठराचा पाढा आणि पाचचा पाढा शेजारी शेजारी लिही

पत्र असं आहे: "ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वय २१, पोलीस भरतीची तयारी करतेय. ग्राउंड बरं चाललंय, ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदात येतंय, ते ३ मिनिटांवर आणायचंय. पण गणितात वेग आला की माझं सगळं उलटं होतं. क्लासमधे सांगितलंय की ५/१८ ने गुणा नाहीतर १८/५ ने गुणा, दोन्ही पाठ आहे पण कुठं कुठलं ते पेपरात आठवत नाही. मागच्या सराव पेपरात रेल्वेची चार गणितं होती, चारही चुकली. त्यात भावाच्या मोबाईलमधलं पळायचं ॲप ४:१० असं काहीतरी दाखवतं, जिमच्या ट्रेडमिलवर १० असतं आणि ग्राउंडवर सर सेकंदात ओरडतात. हे सगळं एकच आहे का वेगवेगळं? आणि ट्रेडमिल १० वर ठेवून पळते ते पुरतं का? घरचे म्हणतात गणित तुझ्या डोक्यात शिरायचं नाही."

अगं, आधी हे शेवटचं वाक्य बाजूला ठेव. ज्या मुलीला आपल्या ८०० मीटरमधले नेमके २० सेकंद कमी करायचेत हे माहितीये तिला वेग म्हणजे काय ते पक्कं कळलेलं आहे, रोज पहाटे पायांनी कळतंय, फक्त कागदावर तोच वेग दुसऱ्या मापात लिहिलेला असतो आणि तिथं तुझी गडबड होते. ज्वारी किलोने मोजली काय आणि पायलीने मोजली काय, पोत्यात आहे तेवढीच राहते ना, तसंच आहे हे. तुझं ॲप, ट्रेडमिल, सरांचं घड्याळ आणि पेपरातली रेल्वे, चौघंही एकच गोष्ट सांगतायत. चार मापं आहेत एवढंच.

मी बरीच वर्षं भरतीच्या मुलामुलींना गणित शिकवलंय आणि ही ५/१८ ची रड मी शेकडो वेळा ऐकलीय. क्लासवाल्यांचा राग नाही, त्यांना थोड्या दिवसात सगळा सिलॅबस संपवायचा असतो, पण ते ५ आणि ते १८ कुठून आले हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं न दिल्यामुळं पोरं वर्ष वर्ष तेच तेच चुकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज तेच करू.

"ताशी १८ किलोमीटर" असं लिहिलंय समज. ताशी हा आपला शब्द किती सोयीचा आहे बघ, त्याच्या पोटातच तास आहे, म्हणजे एका तासात १८ किलोमीटर. एका किलोमीटरचे मीटर हजार, म्हणजे झाले १८,००० मीटर. एका तासात मिनिटं ६०, एका मिनिटात सेकंद ६०, म्हणजे तासाचे सेकंद ३,६००. आता १८,००० मीटर ३,६०० सेकंदात सारखे वाटून टाक, एका सेकंदाच्या वाट्याला येतात ५. झालं. ताशी १८ किलोमीटर म्हणजेच सेकंदाला ५ मीटर, तुझ्या सूत्रातले १८ आणि ५ ते हेच.

आता वहीचं कोरं पान घे आणि डावीकडं अठराचा पाढा लिही, उजवीकडं त्याच ओळीत पाचचा. अठरा एके अठरा, पाच एके पाच. अठरा दुणे छत्तीस, पाच दुणे दहा. अठरा त्रिक चोपन्न, पाच त्रिक पंधरा. अठरा चोक बहात्तर, पाच चोक वीस. अठरा पंचे नव्वद, पाचा पाचा पंचवीस. पुढं १०८ ला ३०, १२६ ला ३५, १४४ ला ४०, असं १८० ला ५० पर्यंत जा. डावीकडं ताशी किलोमीटर, उजवीकडं सेकंदाला मीटर. हे पान आठ दिवस जोरात म्हण, मनातल्या मनात नाही, लहानपणी पाढे म्हणायचो तसं मोठ्यानं, घरचे हसले तर हसू देत. पेपर काढणारे बहुतेक वेळा याच पाढ्यातले आकडे देतात, ३६, ५४, ७२, ९० हे तर कायमचे गिऱ्हाईक, कारण उत्तर पूर्णांकात यावं असं त्यांनाही वाटतं. म्हणजे बऱ्याच गणितात गुणाकार भागाकार करायचीच गरज नाही, नव्वद दिसलं की पंचवीस आलंच पाहिजे तोंडात. भरतीचा लेखी पेपर १०० मार्कांचा आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका मार्काला ५४ सेकंद येतात, त्यातले वीस पंचवीस सेकंद ५/१८ का १८/५ या भानगडीत घालवणं परवडत नाही गं.

कुठं काय वापरायचं हा तुझा खरा प्रश्न. त्यासाठी एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेव, की एकाच वेगाची जोडी लिहिली तर ताशी किलोमीटरचा आकडा कायम मोठा आणि सेकंदाला मीटरचा कायम लहान, बरोबर ३.६ पट, आणि १८/५ म्हणजेच ३.६. का? कारण सेकंदाऐवजी तासभर गेलं तर अंतर ३,६०० पट होतं, पण ते मीटरऐवजी किलोमीटरमधे लिहिलं की आकडा हजार पट आटतो, उरते ३.६ पट. म्हणून मोठ्याकडून लहानाकडं जाताना ३.६ ने भागायचं, म्हणजेच ५/१८ ने गुणायचं, आणि लहानाकडून मोठ्याकडं जाताना ३.६ ने, म्हणजेच १८/५ ने गुणायचं. उत्तर काढून झालं की बघायचं, सेकंदवाला आकडा ताशीपेक्षा मोठा आलाय का? आला असेल तर उलटं झालंय, खोडून परत कर. मला वाटतं तुझ्या चार गणितांमधली निदान दोन तरी एवढ्या एका नजरेनं वाचली असती.

आणि तुझ्याकडं तर स्वतःची जोडी आहे. तू ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदात पळतेस, म्हणजे २०० सेकंद, ८०० भागिले २०० म्हणजे सेकंदाला ४ मीटर. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी १४.४ किलोमीटर. ही जोडी, ४ आणि १४.४, तुझी आहे, तुझ्या घामाची आहे, ती विसरणार नाहीस. हॉलमधे सूत्र विसरलं, डोकं बधिर झालं, तरी एवढं आठव की मी सेकंदाला ४ पळते आणि ट्रेडमिलच्या भाषेत, म्हणजे ताशी किलोमीटरमधे, ते १४.४ होतं, म्हणजे सेकंदाकडून ताशीकडं जाताना आकडा वाढला, म्हणजे गुणायचं.

३.६ ने गुणायला कॅल्क्युलेटर मिळणार नाही, तर चौपट कर आणि त्या चौपटीचा दहावा भाग वजा कर. तू १०० मीटर १६ सेकंदात पळत असशील असं धरू, वेग ६.२५, चौपट २५, त्यातून २.५ वजा, ताशी २२.५. उलट जायचं तर पाव कर आणि त्या पावाचा नववा भाग मिळव, म्हणजे ताशी ७२ चा पाव १८, त्याचा नववा भाग २, झाले २०. पाढ्यात बसत नाही तो आकडा आला, जसं की ताशी ६०, तर दशांशात शिरू नकोस, ६० गुणिले ५/१८ म्हणजे ५०/३ असा अपूर्णांकच ठेव. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ६० ने खांब ओलांडते, वेळ किती? १५० गुणिले ३ भागिले ५०, उत्तर ९ सेकंद, सुटसुटीत. तेच १६.६६ धरून भागायला बसलीस तर पर्याय बघून बघून गोंधळशील.

रेल्वेच्या गणितात हे माप बदलायची वेळ येतेच येते, कारण गाडीची आणि प्लॅटफॉर्मची लांबी मीटरमधे असते, वेळ सेकंदात असतो आणि वेग मात्र ताशी देतात. १८० मीटरची गाडी ताशी ७२ ने २२० मीटरचा प्लॅटफॉर्म ओलांडते, इथं गाडीचं शेवटचं डबडं बाहेर पडेपर्यंत मोजायचं असतं म्हणून १८० अधिक २२०, चारशे मीटर, वेग २०, उत्तर २० सेकंद. जी मुलं माप बदलत नाहीत ती चारशेला ७२ ने भागतात, साडेपाच येतं, आणि नेमकं साडेपाच पर्यायात दिलेलं असतं. तसंच उलट्या गणितात, २०० मीटरची गाडी खांब ८ सेकंदात ओलांडते तर वेग किती, २०० भागिले ८ म्हणजे २५, आणि पर्यायात "ताशी २५ किमी" बसलेला असतो तुझी वाट बघत. थांब. २५ हा उजवीकडच्या पाढ्यातला आकडा आहे, डावीकडं बघ, ९०. मोकळ्या रुळावर मालगाडीसुद्धा ताशी २५ पेक्षा बरी पळते गं, एवढा विचार करायचा.

दोन गाड्या असतील तर माप आधी बदलू नकोस, आधी बेरीज वजाबाकी कर आणि मग एकदाच बदल. समोरासमोर ताशी ५४ आणि ३६, बेरीज ९०, म्हणजे २५, गाड्यांची लांबी १२० आणि १३० तर २५० मीटर, १० सेकंद. एकाच दिशेनं ७२ आणि ५४ असतील तर फरक १८, म्हणजे सेकंदाला फक्त ५, आणि तेच २५० मीटर ओलांडायला ५० सेकंद लागतात. हायवेला एक ट्रक दुसऱ्या ट्रकला किती वेळ ओव्हरटेक करत बसतो ते आठव, तेच हे गणित.

मधेच कधी मिनिटाला मीटर देतात. त्याचं सूत्र बित्र पाठ करू नकोस, मिनिटाला २५० मीटर तर तासाला साठ पट, १५,००० मीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर, संपलं. सेंटिमीटर दिले तर आधी शंभरने भागून मीटर कर आणि आपल्या पाढ्यावर ये. किलोमीटर प्रति सेकंद सुद्धा येऊ शकतं, चालू घडामोडीतून. चांद्रयान ३ आठवतंय ना, २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ, सगळं गाव टीव्हीसमोर होतं. विक्रम लँडर चंद्रापासून साधारण ३० किलोमीटर उंचीवर असताना त्याचा आडवा वेग होता सेकंदाला १.६८ किलोमीटर, तो स्क्रीनवर हळूहळू कमी होताना आपण बघत होतो. इथं अंतर दोन्हीकडं किलोमीटरच आहे, म्हणून हजाराचा प्रश्नच नाही, नुसतं ३,६०० ने गुणायचं, ताशी ६,०४८ किलोमीटर. आणि त्या लँडरचे पाय सेकंदाला ३ मीटर वेगानं आदळलं तरी टिकतील असे केले होते, म्हणजे ताशी १०.८. तुझ्या ८०० मीटरच्या वेगापेक्षा तो कमी आहे बघ. एवढ्या मोठ्या वेगावरून तुझ्या पळण्याच्या खाली यायचं ते पण चंद्रावर, मला ते आकडे एका ओळीत लिहिले की अजून भारी वाटतं.

आता ॲप. ते ४:१० म्हणजे वेग नाहीये, ती वेगाची उलटी बाजू आहे, एक किलोमीटरला किती मिनिटं लागतील ते. सेकंदाला ४ मीटर म्हणजे हजार मीटरला २५० सेकंद, २५० सेकंद म्हणजे ४ मिनिटं १० सेकंद, बरोबर तुझं ४:१०. म्हणून इथं आकडा कमी झाला की तू जास्त जोरात पळालीस, बाकी सगळीकडं आकडा वाढला की जोरात. याच्यावरून ताशी काढायचं तर ३,६०० ला सेकंदांनी भाग, ३,६०० भागिले २५०, आलं १४.४, आपली जुनी ओळख. एक मात्र सांभाळ, ४:१० म्हणजे ४.१० नाही. घड्याळ साठावर चालतं, दशांश दहावर. ४ मिनिटं १० सेकंद म्हणजे ४ पूर्णांक १ षष्ठांश मिनिटं. हीच चूक पेपरात बसच्या गणितात होते, बस १४० किलोमीटर २ तास २० मिनिटांत जाते, मुलं २.२० ने भागतात आणि ६३ पॉइंट काहीतरी येतं, खरं तर २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, वेळ ७/३ तास, वेग ताशी ६०. इतकी हुशार पोरं मी यात मार्क घालवताना बघितलीत की मला हे प्रत्येकाला हाताला धरून सांगावंसं वाटतं.

हे नुसतं पेपरापुरतं शिकू नकोस असं मला फार वाटतं, कारण उद्या वर्दी घालून तू रस्त्यावर उभी राहशील. रस्त्यावरचा बोर्ड आणि गाडीचा काटा ताशीमधे बोलतात पण अपघात मीटरमधे आणि सेकंदात होतो. सोलापूर पुणे हायवेला ताशी ९० ने चाललेली गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. ड्रायव्हरनं दोन सेकंद मोबाईलकडं बघितलं तर गाडी ५० मीटर न बघता गेली, तुझ्या १०० मीटरच्या ट्रॅकचा अर्धा. ताशी ९० म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही, सगळेच जातात म्हणतात, पण डोळे मिटून पन्नास मीटर म्हटलं की माणूस थांबून ऐकतो. गावातल्या पोरांना हे असं सांगून बघ, तू रोज ते अंतर पळतेस, तुझ्या तोंडून पटेल.

राहिला ट्रेडमिलचा प्रश्न. ८०० ला ३.६ ने गुण, येतात २,८८०. हा आकडा मोबाईलच्या कव्हरमागं लिहून ठेव, कारण २,८८० ला ट्रेडमिलवरच्या आकड्यानं भागलं की ८०० मीटरला लागणारे सेकंद थेट मिळतात. १० वर ठेवलं तर २८८ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं ४८ सेकंद. म्हणजे नाही गं, ८०० च्या तयारीला १० पुरत नाही, तू ग्राउंडवर आताच त्याच्या कितीतरी पुढं आहेस. वॉर्म अपला ठीक आहे किंवा सावकाश लांब पळायचं त्या दिवशी ठीक आहे. १२ वर २४० सेकंद, चार मिनिटं. १५ वर १९२ सेकंद. आणि १६ वर बरोबर १८० सेकंद, तुझी तीन मिनिटं.

म्हणजे तुझं आख्खं टार्गेट १४.४ वरून १६ वर जायचं आहे. मापात लिहिलं की ते किती जवळ दिसतं बघ, ताशी दीडेक किलोमीटर, सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा सुद्धा कमी. पण म्हणून उद्या जिममधे जाऊन एकदम १६ दाबू नकोस, पट्ट्यावर पाय घसरला तर भरतीच्या आधी गुडघा जाईल, आणि ट्रेडमिलवर ना वारा ना वळण, तुला पळायचंय मातीत. पळण्याचं कसं वाढवायचं ते तुझ्या ग्राउंडच्या सरांना विचारून कर, मी फक्त आकडे देते. तीन मिनिटांसाठी ४०० चा राउंड ९० सेकंदात यायला हवा, २०० मीटर ४५ मधे आणि १०० मीटर साडेबावीस मधे. साडेबावीस सेकंदात शंभर मीटर तू आजही सहज जातेस, ते आठ वेळा सलग करायचंय, आणि सध्या तुझे शंभर मीटर सरासरी २५ सेकंदांनी जातायत. उद्या पहाटे भावाला मोबाईल घेऊन २०० मीटरच्या खुणेवर उभा कर, ४५ ला त्यानं तुझं नाव ओरडायचं, आणि तू त्या वेळी कुठं असशील ते अंतर टेपनं मोजून ठेवा दोघं.